दुष्काळ कोणी जाहीर करायचा?

मे १९७३. महाराष्ट्राची लोकसंख्या तेव्हा पाच कोटींच्या थोडी वर होती आणि त्यांतली सुमारे ५० लाख माणसे सरकारी दुष्काळी कामांवर होती. दर दहा माणसांमागे एक. तान्ही मुले आणि म्हातारीकोतारी वगळली, तर कामाला लायक माणसांतला वाटा याहून कितीतरी मोठा. कुणी खडी फोडत होते, कुणी पाझर तलावाची माती उचलत होते, कुणी रस्त्यावर मुरूम पसरत होते. या गर्दीत केवळ भूमिहीन मजूर नव्हते. सात-बाऱ्यावर नाव असलेले शेतकरी होते. बांधाबाहेर दुसऱ्याच्या कामाला कधी न गेलेल्या घरांतल्या बायकाही डोक्यावर पाटी घेऊन रांगेत उभ्या होत्या. लागोपाठ तीन वर्षे पावसाने दगा दिला होता. १९७२-७३ मध्ये राज्यात धान्य पिकले ते नेहमीच्या निम्म्याहूनही कमी. रेशनवर परदेशातून आलेली लालसर मिलो ज्वारी मिळे, कामावर सुकडी वाटली जाई. त्या पिढीतली माणसे आजही ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणतात तेव्हा आधी मिलो आठवतात, मग खडी.

एवढे होऊनही पूर्वीच्या दुष्काळांसारखे गावेच्या गावे ओस पडणे आणि माणसे रस्त्याकडेला मरून पडणे झाले नाही. अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन आणि जाँ द्रेझ यांनी पुढे याची तुलना त्याच काळात आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्यात पडलेल्या दुष्काळाशी केली. माणशी उपलब्ध धान्य महाराष्ट्रात अधिक होते, असे नाही. वेगळी होती ती मजुरी. हातात रोजचे पैसे येत होते, म्हणून जे काही धान्य बाजारात आणि रेशनवर होते ते विकत घेता येत होते. हे फार मोठे यश होते आणि ते ज्यांनी घडवले त्या तहसीलदारांचे, ओव्हरसियरांचे, मस्टर लिहिणाऱ्या कारकुनांचे नाव कुठे कोरलेले नाही.

पण ही कामे ज्या नियमांखाली चालली, त्यांच्या मुळाशी एक जुना प्रश्न होता. काम केव्हा सुरू करायचे आणि केव्हा बंद, हे ठरवायचे कोणी?

हा प्रश्न १८७७ चा आहे. १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळात व्हाइसरॉय लिटन याने सर रिचर्ड टेंपल याला खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी दक्षिणेत पाठवले. टेंपलने मदतकामांवरची मजुरी खाली आणली. दिवसभर राबणाऱ्या पुरुषाला पौंडभर धान्याची किंमत आणि वर थोडेसे पैसे. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी हा दर नाकारला. उपाशी असूनही ते कामावरून उठून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे प्रामुख्याने गणेश वासुदेव जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. त्याच काळात सत्यशोधक समाजाने पोरक्या मुलांसाठी अन्नछत्रे चालवली. मजुरांचे ते उठून जाणे आपल्या इतिहासात जेवढ्या ठळकपणे यायला हवे होते तेवढे आलेले नाही, असे मला नेहमी वाटते. भुकेल्या माणसाने मजुरीच्या दरासाठी सरकारशी भांडण्याच्या आपल्याकडच्या पहिल्या काही प्रसंगांपैकी तो एक.

१८८० मध्ये दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि त्यातून दुष्काळ संहिता तयार झाली. तिची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. आधी पिकाची आणेवारी, म्हणजे नेहमीच्या मानाने पीक किती आले याचा सरकारी अंदाज, काढायची. ती घसरली की चाचणी कामे उघडायची. त्यांवर किती माणसे येतात ते पाहायचे. पुरेशी आली तर कलेक्टरने वर कळवायचे आणि मग सरकार टंचाई जाहीर करणार. माणूस उपाशी आहे की नाही, हे माणसाने सांगून चालत नसे. कागदाने सांगावे लागे. स्वातंत्र्यानंतर संहितेचे नाव बदलले, मजुरी सुधारली, सरकारची वृत्तीही बदलली. पण दुष्काळ जाहीर करण्याचा अधिकार सरकारकडेच राहिला. पाऊस पडला की कामे बंद. पुढच्या उन्हाळ्यात भूमिहीन मजुराचे काय, हा प्रश्न संहितेच्या कक्षेत येतच नव्हता. कारण त्याच्या घरी दर उन्हाळ्यात टंचाई असे आणि ती आणेवारीत कधी दिसत नसे.

विठ्ठल सखाराम पागे यांच्या विचाराची सुरुवात इथे होते. सांगली जिल्ह्यातले, पेशाने वकील, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेले, गांधीविचाराचे आणि संतसाहित्यात रमणारे पागे १९६० पासून महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. सभापतीने योजना मांडाव्यात अशी अपेक्षा नसते. पण तासगाव तालुक्यातल्या विसापूरशी त्यांचा रोजचा संबंध होता आणि पीक निघाल्यावर रिकामी बसणारी माणसे त्यांना दिसत होती. एकदा त्यांनी पत्नीला विचारले, अमुक इतकी रक्कम मिळाली तर शेतात किती माणसांना किती दिवस काम देता येईल? पत्नीने घरची शेती सांभाळण्याच्या अनुभवावरून चटकन हिशेब सांगितला आणि पागे यांनी त्याला राज्याच्या आकड्याने गुणले. ही आठवण पागे यांच्याविषयी बोलताना हमखास सांगितली जाते. १९६५ मध्ये त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना पत्र लिहिले. मांडणी साधी होती. ग्रामीण भागात जो कोणी अंगमेहनतीचे काम मागेल, त्याला ते द्यावे. दुष्काळ असो वा नसो.

नाईकांनी ते पत्र बाजूला ठेवले नाही. नाईक पुसद तालुक्यातल्या गहुलीचे, शेतीत मुरलेले. विसापूर परिसरात प्रयोग झाला. नंतर तो आणखी काही भागांत वाढला आणि १ मे १९७२ रोजी रोजगार हमी योजना राज्यभर सुरू झाल्याचे जाहीर झाले. घोषवाक्य होते ‘मागेल त्याला काम’. त्याच पावसाळ्यात पाऊस पडला नाही. नवी योजना नीट उभी राहण्याआधीच दुष्काळी कामांच्या प्रचंड पसाऱ्यात विरून गेली.

या दोन वर्षांत जे घडले त्याविना पुढचा कायदा झाला नसता, असे माझे मत आहे. दोन बाजूंना शिक्षण मिळाले. महसूल आणि पाटबंधारे खात्यांना कळले की ५० लाख माणसांना काम देता येते. मस्टर म्हणजे हजेरीपट, मोजमाप, चुकारा म्हणजे मजुरीचे वाटप, कामांची यादी या सगळ्याची सवय झाली. दुसरीकडे मजुरांनाही कळले की काम मागता येते, आणि मागितल्यावर मिळते. खडी केंद्रांवर आणि तलावांच्या कामांवर हजारो माणसे एकत्र आली होती. आजवर ती वेगवेगळ्या वाड्या-वस्त्यांवर, वेगवेगळ्या मालकांच्या बांधावर विखुरलेली असत. संगमनेरचे दत्ता देशमुख आणि त्यांचा लाल निशाण पक्ष, समाजवादी आणि कम्युनिस्ट कार्यकर्ते, शहाद्याची श्रमिक संघटना यांनी त्यांना संघटित केले. मजुरी वाढवा, चुकारा वेळेवर द्या, काम बंद करू नका, या मागण्यांसाठी १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर संप झाले. त्याच सुमाराला मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या होत्या. गाव आणि शहर, दोन्हीकडून सरकारवर दाब होता.

मग पाऊस पडला आणि संहितेप्रमाणे कामे बंद होऊ लागली. यावेळी लोक गप्प बसायला तयार नव्हते. १९७४ मध्ये रोजगार हमी पुन्हा उभी राहिली.

पैसा कुठून आणायचा? माझ्या दृष्टीने या सगळ्या इतिहासातला सर्वांत धाडसी भाग हाच. योजना आयोग आणि केंद्र सरकार यांच्या तोंडाकडे न पाहता राज्याने स्वतःचा निधी उभारला. १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. नोकरदाराच्या पगारातून, डॉक्टर-वकिलाच्या आणि व्यापाऱ्याच्या कमाईतून दरवर्षी ठरावीक रक्कम घ्यायची आणि ती रोजगार हमीला द्यायची. त्याच्या जोडीला विक्रीकर आणि वाहनकरावर अधिभार, बागायती जमिनीवर जादा आकारणी, शहरी मालमत्तांवरचा कर. या सगळ्यांतून जेवढे जमेल तेवढीच रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची. आज पुण्या-मुंबईच्या बहुतेक पगारपत्रकांवर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये अशी जी कपात दिसते, ती हीच. कपात होणाऱ्या बहुतेकांना तिचा उगम ठाऊक नाही, याची खंत वाटते. मुंबईतल्या कारकुनाने आणि गिरणीतल्या कामगाराने मराठवाड्यातल्या मजुराच्या उन्हाळ्यासाठी कर द्यावा, असा करार या राज्याने कायद्याने केला होता. शहरी मतदाराने तो मान्य केला. त्यामागे कणव होती आणि व्यवहारही होता. गावात काम मिळाले तर झोपडपट्टीकडे येणारा लोंढा थोडा तरी थांबेल, असा हिशेब अनेकांच्या मनात होता.

बागायतदारांचा पाठिंबाही समजून घ्यायला हवा. मजुरी वाढेल आणि ऐन कामाच्या दिवसांत माणसे मिळणार नाहीत, ही त्यांची भीती खरी होती. म्हणून शेतीच्या हंगामात कामे आवरती घ्यायची, अशी पद्धत ठेवली गेली. दुसरीकडे पाझर तलावाखालच्या विहिरींना पाणी चढले, नवा रस्ता उसाच्या शेतापर्यंत गेला, याचा फायदा जमीनवाल्याला होता. डावे, काँग्रेसवाले, बागायतदार, शहरातले करदाते, सगळ्यांना यात काही ना काही दिसले. त्यामुळेच विधेयक सभागृहांत आले तेव्हा ते एकमताने मंजूर झाले.

ते वर्ष १९७७. आणीबाणी उठली होती, मुख्यमंत्री वसंतदादा पाटील होते. केंद्राच्या संमतीला वेळ लागला आणि कायदा प्रत्यक्ष लागू झाला २६ जानेवारी १९७९ रोजी. तोवर शरद पवारांचे पुरोगामी लोकशाही दलाचे (पुलोद) सरकार आले होते. पागे यांची सभापतिपदाची अठरा वर्षेही संपली होती. नाईक, शंकरराव चव्हाण, वसंतदादा, पवार अशी चार मुख्यमंत्र्यांची कारकीर्द ओलांडून हा विचार कायद्यापर्यंत पोचला. मधल्या काळात पक्ष फुटले, सरकारे पडली, पण योजना कोणी मोडली नाही.

कायद्याने राज्यघटनेच्या ४१व्या कलमाचा आधार घेतला. कामाचा हक्क मार्गदर्शक तत्त्वांत होता, म्हणजे न्यायालयात मागता येत नव्हता. महाराष्ट्राने तो ग्रामीण भागातल्या अकुशल कामापुरता का होईना, मागता येण्याजोगा केला. आणि तोही कसा, तर दोन साध्या अर्जांनी. नमुना ४ भरून गावात नाव नोंदवायचे. नमुना ५ भरून काम मागायचे. त्यानंतर १५ दिवसांत काम द्यायचे. न दिल्यास दिवसाला किमान १ रुपया बेकारी भत्ता. जबाबदारी जिल्हाधिकाऱ्याची. गरीब असल्याचा दाखला लागत नाही, जात-उत्पन्न कोणी विचारत नाही. भर उन्हात खडी फोडायला जो येतो त्याला गरज आहे, हे गृहीत धरलेले. पुरुषाला आणि बाईला एकच दर. पन्नासएक माणसे जमली की नवे काम उघडायचे. कामाच्या खर्चातला किमान ६० टक्के भाग अकुशल मजुरीवरच जायला हवा. कामावर पिण्याचे पाणी, प्रथमोपचार, मुलांसाठी पाळणाघर. जिल्ह्याने कामांचा आराखडा आधीच मंजूर करून ठेवायचा, म्हणजे मागणी आल्यावर धावपळ नको.

आणेवारीची अट इथे संपली. टंचाई आहे की नाही हे आता नमुना ५ भरणारा माणूस ठरवणार होता. सरकारने फक्त काम काढायचे. शंभर वर्षांच्या संहितेवर या दोन कागदांनी जो फरक केला, तो मला नेहमी थक्क करतो.

महाराष्ट्राचा कायदा लागू होण्याच्या सुमारे तीन महिने आधी अमेरिकेतही रोजगाराचा एक कायदा झाला होता, हे सांगायला हवे. २७ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी पूर्ण रोजगार आणि संतुलित वाढीच्या कायद्यावर सही केली. सिनेटर ह्युबर्ट हम्फ्री आणि लॉस एंजेलिसचे प्रतिनिधी ऑगस्टस हॉकिन्स यांचा तो. हॉकिन्स यांच्या मूळ मसुद्यात काम न मिळालेल्या नागरिकाला न्यायालयात जाण्याची सोय होती. वाटाघाटींत ती गळाली. उरले ते उद्दिष्ट: पाच वर्षांत बेकारी ४ टक्क्यांवर आणायची, महागाई ३ टक्क्यांवर. १९८२ च्या अखेरीस तिथली बेकारी १०.८ टक्क्यांवर गेली आणि सरकारला जाब विचारायला त्या कायद्यात नागरिकासाठी दारच नव्हते. अमेरिकेच्या मानाने अतिशय गरीब असलेल्या महाराष्ट्राने नेमके ते दार ठेवले होते. सगळ्यांना पूर्ण रोजगार देऊ, असे त्याने म्हटले नाही. आलेल्या अर्जाला उत्तर देण्याची जबाबदारी मात्र घेतली.

पुढची काही वर्षे योजनेने प्रचंड काम केले. १९७९-८० मध्ये सुमारे २० कोटी मनुष्यदिवसांचे काम निघाले. पुण्याच्या गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्येच भारतातल्या दारिद्र्यावरच्या त्यांच्या अभ्यासात म्हटले होते की जमीनवाटपाने सगळे गरीब वर येणार नाहीत, त्यांना सार्वजनिक कामांतून रोजगार द्यावा लागेल. आता त्याची प्रत्यक्ष परीक्षा महाराष्ट्रात चालली होती आणि दांडेकर, कुमुदिनी दांडेकर, सारथी आचार्य अशा अभ्यासकांनी ती जवळून पाहिली. कुमुदिनीबाईंनी बायकांवर लक्ष दिले ते योग्यच होते. मजुरांत बायका जवळपास निम्म्या, काही कामांवर त्याहून अधिक. नवऱ्याने टाकलेल्या, विधवा, लहान मुले पदरात असलेल्या बायकांना गावातला मालक कामावर घेईलच असे नव्हते. मस्टरवर त्यांचे नाव कोणी अडवू शकत नव्हते. आणि शेजारी सरकारी काम चालू असले की मालकालाही शेतावरचा रोज वाढवावा लागे. माझ्या मते हा परिणाम रस्त्यांहून आणि तलावांहून मोठा होता.

दोषही लपवण्यासारखे नव्हते. खोट्या नावांची मस्टरे निघाली. मोजमाप वेळेवर होत नसे, त्यामुळे चुकारा दोन-दोन आठवडे, कधी महिनाभर रखडे, आणि हातावर पोट असलेल्या माणसाला सावकाराकडे जावे लागे. पाळणाघर म्हणजे पुष्कळ ठिकाणी बाभळीला बांधलेली झोळी. बेकारी भत्ता क्वचितच कोणाला मिळाला. अर्धवट सोडलेले रस्ते पहिल्याच पावसात वाहून जात. कारण ६० टक्के मजुरीच्या अटीत खडी दाबायला, मोऱ्या बांधायला पैसे अपुरे पडत.

आणि संतुलित विकासाचे काय? जिथे तालुक्याचा पुढारी जागरूक, जिथे खात्याकडे आराखडे तयार, तिथे कामे लवकर निघत. जिथे गरज सर्वाधिक, तिथे मागणी करायला माणूस नाही आणि काम आखायला इंजिनिअर नाही, अशी अवस्था. १९८३ मध्ये दांडेकरांच्याच अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोलाची सत्यशोधन समिती नेमली गेली. १९८४ च्या तिच्या अहवालाने राज्यातल्या विकासाचा अनुशेष ३,१०० कोटी रुपयांहून अधिक काढला. त्याचा फार मोठा भाग विदर्भ आणि मराठवाड्यातला होता. रोजगार हमीने माणसाला उन्हाळ्यात तारले, पण पाटबंधारे, वीज, शाळा यांची वर्षानुवर्षांची तूट ती भरून काढू शकत नव्हती. ती जबाबदारी सरकारच्या इतर खात्यांची होती आणि त्यांच्यावर कुणाचा नमुना ५ नव्हता.

१९८८ मध्ये किमान शेतमजुरी जवळजवळ दुप्पट झाली आणि त्याबरोबर रोजगार हमीचा दरही. मजुरांसाठी ही वाढ न्याय्यच होती. पण निधी त्या प्रमाणात वाढला नाही. पुढच्या दोन वर्षांत मनुष्यदिवसांचा आकडा झपाट्याने खाली आला. कामे उघडायला टाळाटाळ होऊ लागली, काम मागायला आलेल्यांना परत पाठवले जाऊ लागले. हमीचा अर्थ इथे बदलला. पुढे तर अशी वर्षे आली की व्यवसाय कर जमा होत होता आणि निधीतला पैसा मजुरांपर्यंत पोचत नव्हता. एवढ्या कष्टाने बांधलेल्या कराराचा हा सरळ भंग होता आणि त्याचा जाब शहरातल्या करदात्यानेही विचारला नाही, याचे मला वाईट वाटते. १९९० पासून योजनेला फळबाग लागवड जोडली गेली. कोकणातला आंबा-काजू, कोरडवाहू पट्ट्यातली बोरे, डाळिंबे, चिकू यांचे क्षेत्र त्यातून खूप वाढले. त्याचा लाभ अर्थात ज्याच्याकडे जमीन आहे त्याला झाला.

२००५ मध्ये संसदेने देशासाठी ग्रामीण रोजगार हमी कायदा केला आणि २ फेब्रुवारी २००६ पासून तो पहिल्या २०० जिल्ह्यांत लागू झाला. त्यात महाराष्ट्राच्या कायद्याची कितीतरी कलमे ओळखू येतात: मागणीनंतर १५ दिवस, बेकारी भत्ता, ६० टक्के मजुरी, कामावर पाळणाघर. सामाजिक लेखापरीक्षण आणि ग्रामसभेचा अधिकार ही त्यात नवी आणि चांगली भर होती. एक गोष्ट मात्र त्याने घेतली नाही. पागे यांच्या योजनेत कामाच्या दिवसांना मर्यादा नव्हती, मागेल तितके दिवस काम. केंद्राने एका कुटुंबाला वर्षाला १०० दिवस ठरवले. महाराष्ट्राने २००६ मध्ये आपला १९७७ चा कायदा त्याच्याशी जुळवून घेतला आणि शंभर दिवसांनंतरही कोणी काम मागितले, तर त्याची मजुरी राज्याच्या तिजोरीतून देण्याची जबाबदारी स्वतःकडे ठेवली.